बर्फाच्या गावी उतरावे कोठे?

परगावी जाणारा मनुष्य आधी गाडीचा विचार करतो, मग पाहावयाच्या स्थळांचा, आणि सर्वांत शेवटी उतरण्याच्या जागेचा. रात्री पाठ टेकण्यापुरती जागा हवी, ती स्वच्छ असावी आणि खिशाला परवडावी, एवढ्यावर हा प्रश्न बहुधा मिटतो. मोठ्या शहरांच्या बाबतीत ते चालूनही जाते. मुंबईत काय किंवा तोक्योत काय, प्रवासी या हॉटेलात उतरला काय आणि त्या हॉटेलात उतरला काय, शहराला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु जगात काही गावे अशी आहेत की, पाहुणा तेथे कोणाच्या घरी उतरतो यावर त्याला ते गाव किती दिसेल हे तर ठरतेच; शिवाय ते गाव पुढे गाव म्हणून किती टिकेल, हेही थोडेफार ठरत असते. जपानातील नोझावा ओन्सेन हे असेच एक गाव आहे.

होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यभागी नागानो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या उत्तर टोकाला हे गाव वसलेले आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून निघालेले थंड वारे जपानी समुद्रावरून येताना बाष्प उचलून घेतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडले की ते सारे बर्फाच्या रूपाने टाकून देतात. त्यामुळे या भागाला ‘युकिगुनी’, म्हणजे हिमप्रदेश, असेच म्हणतात. गावाच्या पाठीशी केनाशी नावाचा १,६५० मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर भर हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ साचते. स्कीच्या उतारांचा पायथा सुमारे ५६५ मीटरवर आहे. म्हणजे माथ्यावरून निघालेला खेळाडू हजार मीटरहून अधिक खोल घसरत येतो. गावाची लोकसंख्या मात्र साडेतीन हजारांच्या आसपास आहे. १४ मार्च २०१५ रोजी जलद आगगाडीचा मार्ग पुढे वाढला व जवळच इईयामा हे स्थानक उघडले. तेव्हापासून तोक्योहून इईयामापर्यंत दोन तासांच्या आत पोचता येते, आणि तेथून बसने पंचवीस मिनिटांत गाव गाठता येते. वाट अशी सोपी झाल्यामुळेच कोठे उतरावे हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

गावाच्या नावातील ‘ओन्सेन’ या शब्दाचा अर्थ उष्णोदकाचा झरा. वज्रेश्वरीची किंवा राजापूरची उन्हाळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जमिनीतून वर येणाऱ्या गंधकयुक्त ऊन पाण्याचे नवल सांगावयास नको. नोझावात असे झरे तीसच्या वर आहेत. आठव्या शतकातील ग्योकी नावाच्या बौद्ध भिक्षूने ते शोधून काढले, अशी एक आख्यायिका आहे. जखमी अस्वलाचा माग काढीत गेलेल्या शिकाऱ्याला ते सापडले, अशी दुसरी. गावाच्या वरच्या अंगाला ‘ओगामा’ नावाची कुंडे आहेत. त्यांतील पाणी जवळजवळ ९० अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. गावच्या स्त्रिया तेथे येऊन भाजी वाफवितात आणि अंडी उकडतात. टोपल्या विणण्यासाठी लागणाऱ्या वेलीही त्याच पाण्यात मऊ करतात. ‘अकेबी’ नावाच्या वेलीपासून विणलेले चाकांवरचे कबुतर हे या गावचे प्रसिद्ध खेळणे. या कुंडांपाशी गावकऱ्यांखेरीज कोणालाही आत जाता येत नाही. पाहुण्याने कठड्याबाहेर उभे राहून पाहावे. ओगामा हे सबंध गावाचे सामायिक स्वयंपाकघर आहे.

स्नानासाठी मात्र गावाने पाहुण्याला दार उघडे ठेवले आहे. गल्लीबोळांतून तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत. त्यांना ‘सोतोयु’ म्हणतात. त्यांतील ‘ओयु’ हे मध्यभागी असून त्याची लाकडी इमारत जुन्या देवळासारखी दिसते. आरोग्यदाता बुद्ध याकुशी आणि त्याचे बारा सेनापती यांच्यापैकी एकेकाकडे एकेका स्नानगृहाचे रक्षण सोपविलेले आहे. तेथे तिकीट नाही, तिकीट देणाराही नाही. दारापाशी दानपेटी असते. ज्याला जे टाकावेसे वाटेल ते त्याने टाकावे. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गावकरी आणि परके एकाच टाक्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेले दिसतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तिकीट नाही, तर ही स्नानगृहे चालतात कशी? लाकूड कुजते, फरशीवर शेवाळ धरते, दिव्यांचे बिल येते, छपरावरचे बर्फ उतरवावे लागते. हे सारे ‘युनाकामा’ नावाची मंडळे पाहतात. या शब्दाचा अर्थ स्नानाचे सोबती. एकेका स्नानगृहाच्या आसपासची घरे मिळून एकेक मंडळ होते. घरोघरी पाळी लावलेली असते. ज्या घराची पाळी असेल, त्याने टाके रिकामे करून घासावयाचे, कचरा उचलावयाचा, आणि खर्चातील आपला वाटाही द्यावयाचा. ही पद्धत एडो काळापासून, म्हणजे १८६८ पूर्वीपासून, चालत आलेली आहे. याखेरीज संपूर्ण गावाची ‘नोझावा-गुमी’ नावाची एक जुनी संस्था आहे. सामायिक जंगल, पाण्याचे झरे आणि गावचा उत्सव यांची व्यवस्था ती पाहते. गोव्याच्या गांवकरी संस्थांशी परिचय असलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

तात्पर्य, नोझावातील फुकटचे स्नान हे फुकटचे नसते. त्याचे मोल पाहुण्याकडून न घेता कोणीतरी आपल्या श्रमांनी भरलेले असते. हे ध्यानात घेतले म्हणजे उतरण्याची जागा निवडण्याच्या प्रश्नाला वेगळे वळण लागते.

आता गावात उतरण्याच्या जागा किती प्रकारच्या आहेत ते पाहू. सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे ‘र्‍योकान’. र्‍योकान म्हणजे जुन्या वळणाची जपानी खानदानी खाणावळ आणि धर्मशाळा यांचा एक सुसंस्कृत मिलाफ म्हणता येईल. दारात जोडे काढावयाचे, सपाता घालावयाच्या, आणि चटयांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्या सपाताही बाहेर ठेवावयाच्या. या चटयांना ‘तातामी’ म्हणतात. खोलीचे माप चौरस फुटांत न सांगता चटयांच्या संख्येत सांगतात. एक चटई सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते, म्हणून आठ चटयांची खोली दोघातिघांना पुरते. दिवसा खोलीत एक ठेंगणे मेज आणि बैठका एवढेच सामान असते. रात्री जेवण झाल्यावर सेविका येऊन गाद्या घालून जाते. संध्याकाळचे जेवण म्हणजे लहान लहान वाडग्यांतून क्रमाक्रमाने येणारे अनेक पदार्थ. घरातच उष्णोदकाचे स्नानगृह असते. ‘ओकामी’ म्हणून संबोधली जाणारी यजमानीण सगळ्यावर नजर ठेवते. अशा घरी आदरातिथ्य उत्तम होते. भाडेही त्याच प्रमाणात असते.

दुसरा प्रकार ‘मिन्शुकु’. मिन्शुकु म्हणजे साध्या कुटुंबाने आपल्या राहत्या घरात चालविलेली घरगुती राहण्या-जेवण्याची सोय. हा प्रकार नागानो प्रांतातीलच हाकुबा येथील होसोनो वस्तीत प्रथम रुजला असे मानतात. हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की शेतकऱ्याच्या हाताला काम नसे. स्की खेळणारे येऊ लागले, तेव्हा त्याने घरातील खोल्या त्यांना दिल्या, आणि घरी शिजे तेच त्यांच्यापुढे वाढले. येथे गादी पाहुण्याने स्वतःच घालावयाची आणि सकाळी घडी करून ठेवावयाची. शौचालय व न्हाणीघर सामायिक. भिंती पातळ, कागदी सरकत्या दारापलीकडचा खोकला अलीकडे ऐकू येतो. खोलीत रॉकेलची शेगडी असते आणि ती झोपताना विझवावी लागते; त्यामुळे पहाटे उठून बाहेरच्या पडवीत पाऊल टाकताना अंगावर काटा येतो. परंतु जेवणाच्या मेजावर घरच्या शेतातला भात असतो आणि घरी मुरविलेले ‘नोझावाना’चे लोणचे असते. हा सलगमाच्या जातीचा पाला आहे. अठराव्या शतकात गावच्या एका मठाधिपतीने पश्चिमेकडून सलगमाचे बी आणले आणि या थंड मातीत त्याचा कंद लहान राहून पानेच माजली, अशी कथा गावात सांगतात. यजमान स्वतः स्कीचा शिक्षक किंवा डोंगरावरचा कामगार असण्याचा संभव असतो. उद्या वारा कसा असेल आणि कोणता उतार टाळावा, हे त्याच्याइतके नेमके कोणताही नकाशा सांगत नाही.

तिसरा प्रकार हॉटेले, लॉज आणि ‘पेन्शन’ यांचा. पेन्शन हा शब्द युरोपातून आला. त्यात पलंग असतात, बहुधा न्याहारी मिळते, आणि घर चालविणारे एखादे जोडपे असते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना जमिनीवरून उठणे कठीण जाते, त्यांच्यासाठी हा प्रकार सोयीचा. चौथा प्रकार अलीकडचा आहे: सबंध घर किंवा सदनिका भाड्याने घेणे. त्यात स्वयंपाकघर असते, कपडे धुण्याचे यंत्र असते, आणि यजमान नसतो. किल्लीची पेटी दारावर असते, तिचा आकडा दूरध्वनीवर कळविला जातो. खासगी घरे अशा रीतीने देण्यासंबंधीचा जपानचा कायदा जून २०१८ मध्ये अमलात आला. त्यान्वये असे घर वर्षातून जास्तीत जास्त १८० दिवस पाहुण्यांस देता येते. या प्रकाराला ‘मिन्पाकु’ म्हणतात. मिन्शुकु आणि मिन्पाकु या शब्दांत उच्चाराचे साम्य आहे. पण पहिल्यात कुटुंब घरात असते, दुसऱ्यात ते असेलच असे नाही.

निवड करताना भाड्याची तुलना सरळ रीतीने करता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. र्‍योकान व मिन्शुकु यांचे दर बहुधा खोलीमागे नसून दरडोई असतात आणि त्यांत रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. याला ‘एक रात्र, दोन जेवणे’ असे म्हणतात. भाड्याच्या घराचा दर पाहून ते स्वस्त वाटते. परंतु तेथे रोज बाहेर जेवावे लागते, आणि हंगामात या लहानशा गावातील उपाहारगृहे संध्याकाळी भरून जातात. बाहेर बर्फ पडत असताना जागेची वाट पाहत उभे राहणाऱ्या कुटुंबाला स्वस्ताईचा खरा अर्थ कळतो. उलट, जेथे जेवण मिळते तेथे वेळ पाळावी लागते. सहाला किंवा साडेसहाला जेवण म्हणजे त्याच वेळी. उशिरा येणाऱ्याने आधी कळविले पाहिजे. कारण घरातल्या बाईने प्रत्येक माणसाचा पदार्थ मोजून रांधलेला असतो. नोंदणी करून ऐनवेळी न जाणे हे तर मोठे अपकृत्य. दिवस जवळ येत जातात तसतसा रद्द करण्याचा आकार वाढत जातो. लहान घरांतून पुष्कळदा रोख पैसेच घेतात, तेही जवळ असू द्यावेत.

मराठी प्रवाशांपैकी जे शाकाहारी आहेत, त्यांनी विशेष सावध राहावे. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचा रस सर्वत्र वापरतात आणि तो बहुधा वाळविलेल्या मासळीचा असतो. सारात तो असतो, शिजविलेल्या भाजीत असतो, आणि कुट्टूच्या शेवया ज्या रसात बुडवून खातात त्यातही असतो. म्हणून केवळ ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही. मासा नको आणि मासळीचा रसही नको, असे स्पष्ट लिहून, नोंदणी करतानाच कळवावे. काही घरे आनंदाने सोय करतात, काही नम्रपणे असमर्थता कळवितात. ही असमर्थता म्हणजे अनादर नव्हे. पाहुण्याला उपाशी ठेवण्याची पाळी येऊ नये म्हणूनच ती आधी कळविलेली असते. ज्यांना अशी सोय मिळत नसेल, त्यांनी स्वयंपाकघर असलेले घर घेणे हेच शहाणपणाचे. तान्ही मुले किंवा पथ्यावर असलेले वृद्ध ज्यांच्या बरोबर आहेत, त्यांनाही हाच सल्ला देता येईल.

मग गावातील ठिकाणाचा प्रश्न. नोझावा हे चढ-उताराचे गाव आहे. गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या. बसगाडी थांब्यापलीकडे आत जात नाही. सामान ओढत बर्फातून चढ चढणे म्हणजे काय ते एकदा अनुभवले की पुरे. यासाठी जपानात सामान आधी पाठविण्याची उत्तम सोय आहे. विमानतळावरून पेटी दिली तर ती एक-दोन दिवसांत मुक्कामी पोचते. पुष्कळ यजमान आधी सांगितल्यास लहान गाडी घेऊन थांब्यावर येतातही. स्कीसाठी डोंगरावर जाण्याची मुख्य ठिकाणे दोन: नागासाका आणि हिकागे. नागासाका येथील दोरावरून जाणारी पाळणागाडी २०२० साली नव्याने बांधण्यात आली. हिकागेला जाण्यासाठी गावाच्या वरच्या टोकापासून आच्छादित सरकता मार्ग आहे. दिवसभर खेळणे एवढाच ज्याचा हेतू आहे, त्याने या दोहोंपैकी एकाजवळ उतरावे. परंतु संध्याकाळी तेथून गावात उतरावे लागते आणि स्नान करून तापलेल्या अंगाने पुन्हा अंधारात वर चढावे लागते. ओयु स्नानगृहाच्या आसपास उतरणाऱ्याला सकाळी जड जोडे घालून चालणे पडते. पण संध्याकाळचे गाव त्याच्या दारात असते. लाकडी खडावा वाजवीत स्नानाला निघालेली माणसे, वाफाळणारे गटार, दुकानाच्या टोपलीतून मिळणारे ऊन सांजे, हे सारे त्याला वेगळे पाहावयास जावे लागत नाही. केवळ दोन-तीन दिवस असणाऱ्याने मध्यभागच पत्करावा.

येथपर्यंतचा विचार प्रवाशाच्या सोयीचा झाला. परंतु या गावाच्या मुक्कामाला दुसरी बाजू आहे. ती समजण्यासाठी या गावाने स्कीचा खेळ कसा उभा केला हे पाहिले पाहिजे. १९२३ साली गावकऱ्यांनी आपला स्की क्लब स्थापन केला. १९३० साली ऑस्ट्रियाचे सुप्रसिद्ध स्कीशिक्षक हानेस श्नायडर जपानात आले असता त्यांनी येथेही धडे दिले. पुढे १९७१ मध्ये त्यांच्या सेंट आंतोन या गावाशी नोझावाने भगिनीसंबंध जोडला. डोंगरावरची व्यवस्था क्लबच पाहत असे; १९६३ साली ती गावाच्या स्थानिक शासनाकडे सोपविण्यात आली. १९९२ आणि १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या जपानी तुकडीतील ताकानोरी कोनो हा याच गावचा पुत्र. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्की आणि नेमबाजी यांची संयुक्त स्पर्धा येथेच झाली. बाहेरच्या एखाद्या धनिकाने डोंगर विकत घेऊन त्यावर करमणुकीचे केंद्र उभारले, असा हा इतिहास नाही. गावाने आपल्या डोंगरावर, आपल्या घरांत, आपल्या हातांनी हा उद्योग वाढविला.

याच्या उलट उदाहरण दूर नाही. शेजारच्या नीगाता प्रांतात युझावा हे उष्णोदकाचेच गाव आहे. १९६८ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांनी आपल्या ‘युकिगुनी’ कादंबरीची पार्श्वभूमी तेथून घेतली. १९८२ साली जलद आगगाडी तेथे पोचली. त्यानंतर जमिनीच्या भावाचा जो फुगा जपानात फुगला, त्या काळात युझावात सुटीतल्या सदनिकांच्या उंच इमारती रांगेने उभ्या राहिल्या. शहरातील लोकांनी त्या घेतल्या. काहींनी राहण्यासाठी, पुष्कळांनी भाव वाढेल म्हणून. १९९०च्या दशकात फुगा फुटला आणि त्या सदनिकांच्या किमती इतक्या घसरल्या की, पुढे कित्येक जागा एखाद्या जुन्या मोटारीच्या भावात विकावयास निघाल्या. इमारती उभ्याच होत्या. त्यांत गाव मात्र नव्हते. गाव म्हणजे नुसत्या छपरांची संख्या नव्हे, हे युझावाच्या अनुभवावरून शिकण्यासारखे आहे.

नोझावावर आज आलेले संकट वेगळ्या वाटेने आले आहे. खेड्यांतील तरुण शहरात जातात, आईबाप म्हातारे होतात. जपानमध्ये २०२३ च्या गृहगणनेत सुमारे नव्वद लाख घरे रिकामी आढळली. एकूण घरांच्या जवळजवळ चौदा टक्के. मिन्शुकु चालविणे म्हणजे पहाटे उठून वीस माणसांची न्याहारी करणे, दिवसा छपरावरचे बर्फ काढणे, आणि रात्री शेवटचा पाहुणा परत येईपर्यंत जागणे. सत्तरीच्या जोडप्याला ते झेपत नाही आणि मुलगा नागानो शहरात नोकरीला असतो. मग घर विकण्याची वेळ येते. घेणारा पुष्कळदा परदेशीय असतो. ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो तेव्हा येथे बर्फ असते, म्हणून तेथून येणाऱ्यांचा ओघ मोठा. त्यांपैकी काहींना ही घरे आवडली आणि त्यांनी ती घेतली.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पडीक होऊन कोसळले असते असे घर कोणी दुरुस्त करून त्यात पाहुणे आणतो, तर तो गावावर उपकारच करतो. परदेशातून आलेला जो मालक तेथेच राहतो, मुले गावच्या शाळेत घालतो, पाळीच्या दिवशी खराटा घेऊन स्नानगृहात जातो, तो गावकरीच म्हणावयाचा. प्रश्न जातीचा किंवा देशाचा नाही. घरात कोणी राहते की नाही, एवढाच आहे. ज्या घराचा मालक समुद्रापलीकडे आहे आणि व्यवस्था एखाद्या कचेरीकडे आहे, त्या घराचे पाहुणे तेराही स्नानगृहांत स्नान करतील; पण त्या घराची पाळी कोण करणार? एका गल्लीतील दहा घरांपैकी चार घरे अशी झाली, तर उरलेल्या सहांवर दहांचे काम येते. सहांची पुढे चार होतात, आणि मग एके दिवशी दाराशी तिकिटाची खिडकी बसवावी लागते.

हीच गोष्ट गावच्या उत्सवाची. दर वर्षी १५ जानेवारीला येथे ‘दोसोजिन’ या मार्गदेवतेचा अग्न्युत्सव होतो. १९९३ साली जपान सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा दिला. जंगलातून तोडून आणलेल्या लाकडांचे उंच मंदिर उभारतात. वयाचे बेचाळिसावे आणि पंचविसावे वर्ष पुरुषाला अरिष्टाचे, अशी जपानात समजूत आहे. म्हणून बेचाळिशीचे पुरुष मंदिराच्या माथ्यावर चढून बसतात, पंचविशीचे तरुण पायथ्याशी उभे राहतात, आणि गावातील इतर लोक पेटत्या मशाली घेऊन त्यांच्यावर चालून जातात. तरुणांनी झाडाच्या फांद्यांनी मशाली विझवावयाच्या. शेवटी ठरलेल्या वेळी सारे खाली उतरतात आणि मंदिर अग्नीच्या स्वाधीन होते. हजारो प्रेक्षक हा सोहळा पाहावयास येतात. प्रेक्षकांची उणीव कधीच पडणार नाही. उणीव पडेल ती पंचवीस वर्षांच्या मुलांची. आणि ती मुले गावात राहतील की नाही, हे गावात त्यांच्या आईबापांचे घर चालते की नाही यावर अवलंबून आहे.

म्हणून नोझावाला किंवा तशा गावाला जाणाऱ्याने नोंदणी करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. घराचा मालक गावात राहतो काय? घरात जेवण मिळते काय, आणि ते कोण रांधते? हे घर कोणत्या स्नानगृहाच्या मंडळात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदणीच्या पत्रव्यवहारातच मिळतात. तिसरा प्रश्न यजमानाला भेटल्यावर विचारावा. तो थोडा चकित होईल, मग बहुधा स्वतःच पुढे होऊन वाट दाखवील. कुटुंब मोठे असेल, पथ्य असेल, आठवडाभर राहावयाचे असेल, तर भाड्याचे घर घ्यावे. त्यात कमीपणा नाही. परंतु त्यांतल्या दोन रात्री तरी कोणाच्या राहत्या घरी काढाव्यात. जमिनीवर झोपणे, थंड पडवी, ठरलेल्या वेळेचे जेवण, हे त्या दोन रात्रींचे कष्ट आहेत, आणि ते सोसण्यासारखे आहेत.

स्नानगृहात शिरल्यावरचे आचरण हाही मुक्कामाचाच भाग समजावा. साबण आणि पंचा आपला न्यावा. तेथे काही मिळत नाही. कपडे पूर्ण उतरवून, टाक्याबाहेर बसून, अंग स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. साबणाचा फेस टाक्यात जाऊ देऊ नये. पंचा पाण्यात बुडवू नये. पाणी अतिशय कढत असते. थंड पाण्याची तोटी जवळ असली तरी आत बसलेल्यांना विचारल्याशिवाय ती सोडू नये. त्यांतील एखाद्या आजोबांना तेच पाणी त्याच उष्णतेचे साठ वर्षे आवडत आलेले असते. छायाचित्र मुळीच घेऊ नये. निघताना आपण वापरलेले घमेले पालथे घालून जागच्या जागी ठेवावे आणि दानपेटीत काही नाणी टाकावीत. ज्या घराची त्या दिवशी पाळी असेल, त्या घरची बाई दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे येणार असते. तिचे काम त्या रात्रीच्या पाहुण्यांनी वाढविले की हलके केले, हे तिला दारातच कळते.